कोपऱ्याच्या ओट्याची फाइल

माझा पहिला अर्ज नऊ पानांचा होता. नववं पान मी पाठपोट लिहिलं होतं. माहितीच्या अधिकाराखाली नगरपरिषदेला मी त्यात तीसेक प्रश्न विचारले होते, आणि त्यातले निम्मे म्हणजे निव्वळ शिव्या होत्या, फक्त शेवटी प्रश्नचिन्ह होतं.

तो अर्ज समितीच्या मोठ्या बाबूंनी वाचला. समिती म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली, पाच खुर्च्या, एक पत्र्याचं कपाट, आणि सरकारी कारभार उघड्यावर व्हावा म्हणून पदरचा चहा पिऊन भांडणारी आमच्या गावची आठ-दहा माणसं. मोठे बाबू त्यांचे प्रमुख. राहणारे अमरावतीचे. त्यांची सगळी नोकरी एका कचेरीत रेकॉर्ड सांभाळण्यात गेली. जन्मभर लोकांपासून जे झाकून ठेवलं ते आता दाखवत फिरतो, असं म्हणत ते दर गुरुवारी एसटीनं आमच्या गावी यायचे. त्यांचे वडील नागपूरच्या दीक्षेला पायी गेले होते आणि येताना लेकासाठी पाटी घेऊन आले होते. तेव्हापासून आपण वाचतोच आहोत, असं ते म्हणत. गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधलं आहे. नाव लिहीत नाही, कारण यातली सगळी माणसं अजून तिथेच बसतात, आणि मीही तिथेच बसतो.

बाबूंनी नऊही पानं सावकाश वाचली, घडी घातली आणि म्हणाले, नियम दीडशे शब्दांचा आहे, आणि एका अर्जात विषयही एकच.

मी म्हटलं, तीनशे करा. सवय आहे, तोंडातून निघालंच. ते म्हणाले, हा भाव माझा नाही, सरकारचा आहे. मी अडीचशेवर आलो, मग दोनशेवर. ते पेन उघडून बसले होते. आपल्याला माल विकायचाच नाही असा चेहरा करून बसणारे पुष्कळ पाहिले, पण ज्याला खरोखरच विकायचा नाही असा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. शेवटी दीडशेवर सौदा ठरला. हरलो म्हणायला मला आवडत नाही, म्हणून ठरला म्हणतो.

माझी तक्रार सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी फळं विकतो. सुरुवात एका टोपलीभर जामांनी केली. तुमच्याकडे त्याला पेरू म्हणतात. बस स्टँडसमोर उकिडवा बसून विकायचो. पाठीशी कोणी नव्हतं, जीभ तेवढी होती. त्या जिभेवर मी टोपलीवरून हातगाडीवर आलो आणि हातगाडीवरून रस्त्याच्या तोंडाशी, कडुलिंबाच्या सावलीत. अमरावतीची संत्री, अकोटकडची केळी, मेळघाटाच्या पायथ्याची सीताफळं, सगळं त्या कडुलिंबाखाली विकलं. मग नगरपरिषदेनं तिथे सिमेंटचे ओटे बांधले, वर पत्रे टाकले, आणि एके दिवशी वाटपाची यादी लागली. मला मिळाला मागच्या रांगेतला ओटा. त्याचं तोंड भिंतीकडे आणि पाठ मुतारीकडे. कडुलिंबाखालचा कोपऱ्याचा ओटा मिळाला लिंबूवालीला.

ही लिंबूवाली ताई माझ्या शेजारी आठ वर्षं बसत होती. लिंबं आणि हिरवी मिरची. आमच्या बाजारात इतकं कमी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. भाव एकदाच सांगायची. गिऱ्हाइकानं घासाघीस केली की ती लिंबं पुसायला घ्यायची. आमचा चहा एका ट्रेमध्ये यायचा, आणि मी पेटी आणायला गेलो की माझ्या गल्ल्याकडे तीच पाहायची. पण यादी पाहिली आणि माझं डोकं फिरलं. आठ वर्षांत जी बाई धड दहा वाक्यं बोलली नाही तिला कोपरा मिळतो, आणि मी, ज्यानं त्या जागेचं नाव केलं, तो मुतारीकडे. हिची आतून ओळख असणार, याशिवाय दुसरं काही मला सुचेना. सुचलं ते मी पोटात ठेवलं नाही. चहाच्या टपरीवर बोललो, कटिंगच्या दुकानात बोललो, आणि एकदा भर बाजारात तिच्या तोंडावर बोललो. ती लिंबं पुसत राहिली. त्या दिवसापासून चहा दोन ट्रेमध्ये येऊ लागला, आणि चार महिने आम्ही एकमेकांकडे पाहिलंही नाही.

माझी बायको म्हणायची, त्या बाईच्या पोरीचं लग्न जमून राहिलं आहे, तुमच्या तोंडानं तिचं नाव खराब होते. मी म्हणायचो, होऊ दे. मी खरं ते बाहेर काढणार.

म्हणून समिती. म्हणून अर्ज. बाबूंनी माझ्या तीस प्रश्नांतून एक ठेवला आणि त्यातलाही एक शब्द खोडला. मी लिहिलं होतं, कोपऱ्याचा ओटा लिंबूवालीला काहून दिला.

"काहून कागदावर नसते, भाऊ," ते म्हणाले. "कागदावर काय हाय ते मांगा. काहून ते मंग आपोआप दिसते."

मला हे पटलं नाही. माझा सगळा धंदा काहूनवर उभा आहे. व्यापाऱ्यानं भाव सांगितला की मी विचारतो काहून, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत भाव अर्धा खाली आलेला असतो. पण बाबूंनी ओटेवाटपाच्या फाइलची सर्व पानं, टिपणांसह, एवढंच लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. अर्जात एकूण एकवीस शब्द होते. उरलेले एकशे एकोणतीस मला दुसऱ्या कामाला वापरता येतील का, असं मी विचारलं. ते हसले नाहीत.

महिनाभरानं उत्तर आलं: वाटप नियमानुसार झाले आहे. मी नगरपरिषदेत जाऊन टेबल वाजवायला निघालो होतो. बाबूंनी मला शर्टाला धरून बसवलं. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच कोणालाही जाऊन फाइल पाहता येते, ते म्हणाले, आणि टेबल न वाजवताही पाहता येते. समितीची रीत अशी की पाहणीला नेहमी दोघांनी जायचं. एकानं पाहायचं, दुसऱ्यानं पाहणाऱ्याला पाहायचं. माझ्यासोबत ते स्वतः आले, खास अमरावतीहून, सोमवारचे.

शिपायानं फाइल आणून ठेवली. जाड, सुतळीनं बांधलेली. बाबू वरून पानं उलटायला लागले. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, बाबू, हे काम माझ्या धंद्यातलं आहे. संत्र्याची पेटी कधी वरून पाहायची नाही. वरचा थर दाखवायचा असतो. पेटी उलटी करायची आणि खालून उघडायची. बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. सगळी नोकरी फायलींत काढूनही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी फाइल उलटी करून माझ्यासमोर सरकवली.

तळाशी सर्वेक्षणाची पानं होती. एकेका विक्रेत्याचं एकेक पान, पेनानं लिहिलेलं. सातवं पान माझं होतं.

मला तो माणूस आठवला. ओटे बांधायच्या दीड वर्ष आधीची गोष्ट. गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड. भर दुपारी कडुलिंबाखाली येऊन त्यानं विचारलं, धंदा कसा काय चालतो. आता ज्या माणसाच्या हातात पॅड आहे त्याला धंदा चांगला चालतो असं सांगणारा फळवाला वऱ्हाडात जन्माला यायचा आहे. उद्या पावती वाढवतील, कर बसवतील, काय करतील. पॅड नसलेल्या माणसालाही आम्ही सांगत नाही. सासऱ्यालाही सांगत नाही. तो काय लिहितो आहे तिकडे मी पाहिलंसुद्धा नाही, कारण एक बाई पपई दाबून पाहत होती. सही कर म्हणाला, केली.

त्यानं लिहिलं होतं ते असं. "फळविक्रेता. म्हणतो, जागा फालतू आहे. गिऱ्हाईक फिरकत नाही. घरी बसण्यापेक्षा येथे बसतो. पसंतीची जागा: कोणतीही चालेल." खाली माझी सही. माझी सही मोठी आहे, शेवटी शेपटी आहे, आणि शेपटीखाली दोन टिंबं. दुसऱ्या कोणाची म्हणायची सोय नव्हती.

बाबूंनीही वाचलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसला. मी पुढचं पान उलटलं. ते लिंबूवालीचं होतं. "गिऱ्हाईक चांगले आहे. उन्हात लिंबे वाळतात, सावलीची कोपऱ्याची जागा मिळाल्यास बरे." खाली तिची सही, शाळेतल्या मुलीसारखी, ओळीवर बसवलेली. बस, एवढंच. ओळख नाही, चिठ्ठी नाही, वरून फोन नाही. एकानं विचारलं, तिनं सांगितलं, त्यानं दिलं.

पानांच्या प्रती घेऊन बाहेर आल्यावर मी बाबूंना रसवंतीत नेलं, आलं घातलेला रस मागवला आणि सौद्याला बसलो. कारण समितीची दुसरी रीत मला माहीत होती. मिळालेली प्रत्येक माहिती गुरुवारच्या बैठकीत मोठ्यानं वाचायची, ज्यानं मागितली त्यानंच वाचायची, आणि एकही पान गाळायचं नाही. आणि त्या गुरुवारला मी अख्ख्या बाजाराला आवतण दिलं होतं. या, म्हटलं होतं, लिंबूवालीचं सगळं बाहेर काढतो. तिलाही निरोप धाडला होता.

मी म्हटलं, सातवं पान सोडून वाचतो. बाबू म्हणाले, नाही. मी म्हटलं, बरं, सातवं आणि आठवं दोन्ही सोडतो, तिचंही नको, माझंही नको, बरोबरी झाली. नाही. मी म्हटलं, पान गहाळ झालं असं सांगू.

बाबूंनी रसाचा ग्लास खाली ठेवला. "पान गहाळ झालं म्हणणारे तिकडे बसतात," असं म्हणून त्यांनी नगरपरिषदेच्या फाटकाकडे बोट दाखवलं. "इकडे बसाचं असन तं वाचा लागन."

मी चिडलो. रसाचा ग्लास तसाच टाकून उठलो. घरी गेलो आणि बायकोवर चिडलो, तिनं काही केलं नसताना. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, माझ्या बापालाही तुम्ही असंच सांगितलं होतं ना, धंदा काही नाही म्हणून. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, म्हणूनच त्यांनी कीव येऊन तुम्हाला वर एक सायकल दिली. तेव्हा बरं चाललं तुम्हाला. हिच्या स्मरणशक्तीला उपाय नाही.

गुरुवारी खोली भरली. पाच खुर्च्या बायांना दिल्या, बाकीचे जिन्यापर्यंत उभे. लिंबूवाली भिंतीला टेकून खाली बसली होती. पिशवी मांडीवर. माझी बायको मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन बसली.

पानं माझ्या हातात होती. मी लबाडी केली नाही असं नाही. पहिल्यांदा बाकीच्यांची पानं वाचायला घेतली, म्हणजे हवा थोडी सैल होईल. आणि झाली. फुलवाल्यानं सांगितलं होतं, फुलं कोणी घेत नाही, सगळी गायीला घालतो. केळीवाला म्हणाला होता, जागा भावाची आहे, मी दोन मिनिटं बसलो. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या होत्या, मी विकत नाही बाप्पा, पाहुणी आली आहे. आणि चिंचा-बोरं विकणारा एक गडी, ज्याला ओटाच मिळाला नव्हता आणि जो महिनाभर उपोषणाला बसण्याच्या गोष्टी करत होता, त्याच्या पानावर लिहिलं होतं: विक्रेता नाही, एसटीची वाट पाहत आहे.

खोली हसून हसून वाकली. तो गडीही हसला, मग गप्प झाला, कारण ओटा खरंच गेला होता. सगळ्यांत शेवटी अधिकाऱ्याचा शेरा होता. या ठिकाणी व्यवसाय अल्प असल्याचे विक्रेत्यांच्या सांगण्यावरून दिसते, तरी ओट्यांची संख्या कमी करावी. म्हणजे निम्मे ओटे आम्हीच पाडले होते, बांधायच्या आधी.

मग माझं पान वाचलं. कोणतीही चालेल, याच्यावर सगळ्यांत मोठा हशा आला. मग तिचं वाचलं. त्यावर कोणी हसलं नाही.

चार महिन्यांनी ती माझ्याशी बोलली. तिथूनच, बसल्याजागी.

"त्यानं इचारलं, मी सांगतलं. मले कोणाची ओळख नाई, भाऊ. तुमची होती फक्त."

मी खाली पाहत होतो. म्हटलं, ताई, अर्धी चूक माझी आहे. बाबूंनी विचारलं, आणि अर्धी कोणाची. मी म्हटलं, त्या सर्वेवाल्याची. एखादा माणूस बोलतो ते असं लिहून घेतात का. बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं. हे माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. त्या माणसाला धंद्याची अक्कल नव्हती. फळवाला फालतू म्हणाला तर समजायचं की जागा सोन्याची आहे.

सगळे हसत होते. ती हसली नाही. तिनं पिशवी बाजूला ठेवली.

"माप पूरं द्या, भाऊ," ती म्हणाली. "अर्ध्यात नका देऊ."

माझ्या तराजूवर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. मी उभा होतो, हातात पानं, आणि सगळा बाजार माझ्याकडे पाहत होता, ज्या बाजाराला मी स्वतः आवतण देऊन बोलावलं होतं. भाव खाली आणायला तोंड उघडलं, पण खाली आणायला काही उरलंच नव्हतं.

"पूर्ण माझी," मी म्हटलं. "तुमचं नाव मी खराब केलं. जिथे जिथे बोललो तिथे जाऊन सांगतो."

आणि गेलो. चहाच्या टपरीवर, कटिंगच्या दुकानात. कटिंगवाला म्हणाला, म्हणजे तिची ओळख नव्हती? मी म्हटलं, नव्हती, मीच मूर्ख होतो. तो म्हणाला, हे आम्हाला माहीत होतं, तुम्हाला कधी कळते ते पाहून राहिलो होतो. त्या दिवशी मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो.

समितीनं तीच पानं जोडून नगरपरिषदेला पत्र दिलं. सर्वेक्षणाचं लिहिलेलं विक्रेत्याला वाचून दाखवलं नव्हतं, म्हणून उरलेल्या जागेचं सर्वेक्षण पुन्हा करा. पत्र बाबूंनी लिहिलं, दीडशे शब्दांच्या आत. दोन-तीन वेळा मोठे बाबू आणि मी सोमवारी जाऊन फाइल कुठे पोचली ते पाहून आलो, खालून उघडून. शेवटी सर्वेक्षण झालं. माणूस तोच. गळ्यात तेच ओळखपत्र.

तो माझ्या समोर येऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, धंदा कसा काय चालतो. आजूबाजूचे सगळे आपापलं काम सोडून पाहायला लागले. माझ्या जिभेवर ते जुनं वाक्य आलंच होतं. ते गिळताना मला सीताफळाची बी गिळल्यासारखं झालं.

"चांगला चालतो," मी म्हटलं.

त्यानं वर पाहिलं. आयुष्यात हे उत्तर त्यानं बहुधा दुसऱ्यांदाच ऐकलं असेल. लिहू का, म्हणाला. कोपऱ्यावरून लिंबूवालीचा आवाज आला, लिहा, मी ऐकलं आहे. त्यानं लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि सही करताना मी शेपटी जोडली नाही.

कोपरा मला मिळाला नाही, तो तिचा आहे. मला मिळाला त्याच्या लगतचा नवा ओटा. कडुलिंबाची सावली आधी तिच्या लिंबांवर पडते आणि तीननंतर, दुपार कलल्यावर, माझ्या पपयांवर येते. तोवर त्या तापतात. याबद्दल माझं म्हणणं आहेच, आणि ते दीडशे शब्दांत बसत नाही. चहा मात्र एका ट्रेमध्ये येतो. तिच्या पोरीच्या लग्नाला फळं माझ्याकडून गेली, आणि भावावरून आम्ही भांडलो नाही, कारण तिनं विचारलाच नाही.

अजूनही दिवसभरात कोणीतरी येता-जाता विचारतंच, काय भाऊ, कसा काय धंदा. मी म्हणतो, कुठला धंदा बापा, बसलो आहे आपला. शेजारच्या ओट्यावर कोणीतरी खोकतं. मग मी संत्र्यांचा वरचा थर जरा सारखा करतो आणि म्हणतो, तसा बरा आहे.